काहीच न करण्याची तयारी

आराम ही आपल्याकडे डॉक्टरांनी लिहून द्यायची गोष्ट आहे. कावीळ झाली, पायाला प्लास्टर घातलं, मोतीबिंदू काढला, की आराम. धडधाकट माणसानं रजा टाकून, तिकीट काढून, वर पैसे मोजून आरामाला जायचं ही आपली रीत नव्हे. आपण लग्नाला जातो, यात्रेला जातो, महालक्ष्मीचं दर्शन उरकलं की येताना पन्हाळा करतो. परत आल्यावर शेजारी विचारतात, "काय काय पाहिलंत?" त्यावर "काही नाही, पडून होतो" असं सांगायची छाती अजून कुणाची झालेली नाही.

त्यामुळे ह्यूस्टनला राहणाऱ्या आमच्या लेकीनं "आपण सगळे आठवडाभर मेक्सिकोला समुद्रावर जाऊ, काहीही करायचं नाही" असं जाहीर केलं, तेव्हा चहाचे कप धरलेले चार ज्येष्ठ नागरिक एकमेकांकडे बघत राहिले. चार म्हणजे आम्ही उभयता आणि आमचे व्याही-विहीणबाई. दोन्हीकडचे आईवडील एकाच हिवाळ्यात मुक्कामाला आले की तरुण मंडळींना आरामाची गरज का भासते, हे समजण्याइतके आम्ही सुज्ञ आहोत. व्याह्यांना सगळं घर नाना म्हणतं. वर्ध्याचे, कृषी खात्यातून निवृत्त झालेले.

"काहीही नाही म्हणजे काय काय नाही?" नानांनी विचारलं.

"काहीच नाही, नाना. नुसतं पडून राहायचं."

"मंग इथं काय करून राहिलो आपण?"

प्रश्न बिनतोड होता. पण आजकाल प्रश्न बिनतोड असला म्हणून बुकिंग थांबत नाही.

आपल्याला समुद्र माहीत नाही असं नाही. गणपतीपुळं, दिवेआगर, काशीद सगळं झालंय. पण समुद्राशी वागायची आपली एक पद्धत आहे. ऊन उतरल्यावर जायचं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, चपला हातात घ्यायच्या, घोटाभर पाण्यात उभं राहून फोटो काढायचा, भेळ खायची आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं, कारण खानावळीत सुरमई आधीच सांगून ठेवलेली असते. आडवं व्हायचं ते खोलीवर, पंख्याखाली, दाराला कडी लावून. भर दुपारी वाळूत उताणा पडलेला माणूस कोकणात दिसला, तर लोक आधी लांबून बघतात आणि मग कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन धावतं.

मेक्सिकोला दोन्ही बाजूंनी समुद्र आहे, त्यामुळे भांडणालाही दोन बाजू मिळाल्या. लेकीच्या ओळखीतला जो तो कानकूनला जाऊन आलेला. कानकून हे मुळात गाव नव्हे, सरकारी योजना आहे. १९७०च्या सुमारास मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेनं, परकीय चलन आणायचं कुठून याचा हिशोब करून, जवळपास निर्मनुष्य अशा वाळूच्या पट्ट्यावर ते वसवायला घेतलं. मध्यवर्ती बँकेनं लोळायचं गाव काढावं ही कल्पना मला फारच आवडली. आपल्याकडे हे झालं असतं तर किनाऱ्यावर पाय ठेवायलाही केवायसी लागलं असतं. पुढं २०१५ साली कानकूनच्या किंताना रू राज्यानं आपली घड्याळंच तासभर पुढं ढकलली. हेतू हा, की पाहुण्यांना संध्याकाळी किनाऱ्यावर जास्त उजेड मिळावा. ज्या राज्यात विश्रांतीसाठी वेळच हलवतात, तिथं जायला माझी ना नव्हती. पण अलीकडच्या काही वर्षांत त्या किनाऱ्यावर सारगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ ढिगानं येऊन पडतं, कुजतं आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास सुटतो. ते मुख्यतः उन्हाळ्यात, हिवाळ्यात कमी, असं जावई समजावून सांगत होता. सौ.नं त्यातलं फक्त "सडकी अंडी" एवढंच ऐकलं आणि तो समुद्र बाद झाला.

जावयाच्या मनात पॅसिफिकच्या बाजूचं सिवातानेहो होतं. 'द शॉशँक रिडेम्प्शन' या १९९४च्या चित्रपटातला कैदी तुरुंगात बसून याच गावाची स्वप्नं बघतो, आणि जावई आयटीत असल्यामुळे त्याला ते दृश्य फार जवळचं वाटतं. खुद्द चित्रपटवाल्यांनी मात्र शेवटचा किनारा कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर उरकला होता, हे मी त्याला सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. शिवाय अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं मेक्सिकोच्या प्रत्येक राज्याला श्रेणी दिली आहे, त्यात सिवातानेहोचं गेरेरो राज्य "जाऊ नका" या रकान्यात. त्याच किनाऱ्यावरचं पुएर्तो वायार्ता ज्या हालिस्को राज्यात येतं, ते "जाण्याचा फेरविचार करा" या रकान्यात.

"फेरविचार तर आपण कोथिंबीर घेतानाही करतो," सौ. म्हणाली, आणि पुएर्तो वायार्ता मंजूर झालं.

या गावाचा इतिहास वाचला तर तिथं आरामासाठी असं कुणी आलंच नव्हतं असं दिसतं. डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बसलेलं लहानसं गाव. १९६३ साली जॉन ह्यूस्टन हा दिग्दर्शक 'द नाइट ऑफ द इग्वाना'चं चित्रीकरण करायला शेजारच्या मिस्मालोयाला आला. रिचर्ड बर्टन आला तो कामासाठी. एलिझाबेथ टेलर त्या चित्रपटात नव्हतीच. ती आली ती बर्टनबरोबर राहायला. त्या वेळी दोघंही विवाहित होते, फक्त एकमेकांशी नव्हते. त्यामुळे जगभरचे वार्ताहर आले ते या दोघांवर पाळत ठेवायला. इतक्या लोकांनी इतकी धावपळ केल्यावर गाव निवांतपणासाठी प्रसिद्ध झालं.

व्हिसाच्या बाबतीत माझा हिरमोड झाला. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असला की भारतीय माणसाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. बँकेची स्टेटमेंटं, पेन्शनचा दाखला, घरपट्टीची पावती आणि पासपोर्ट आकाराचे भरपूर फोटो अशी जाडजूड फाइल मी पुण्याहून निघतानाच बरोबर घेतली होती. तिला कुणी हातही लावणार नाही हे कळल्यावर सहलीवरची माझी श्रद्धा थोडी उडाली.

मग तारखा. जून ते ऑक्टोबर पाऊस, आणि वादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेरपर्यंत. २०१५च्या ऑक्टोबरात आलेलं पॅट्रिशिया चक्रीवादळ त्या बाजूचं सगळ्यात जोरदार म्हणून नोंदलं गेलंय. ते या गावाला थोडक्यात चुकवून खाली दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. लेकीला डिसेंबरची सुरुवात स्वस्त सापडली होती. तेव्हा कळलं, की १ ते १२ डिसेंबर तिथं ग्वादालूपेच्या मातेचा उत्सव असतो आणि रोज गावातल्या देवळाकडे वाजतगाजत मिरवणुका निघतात. लेक म्हणाली, "मग नको, शांतता मिळणार नाही." नाना म्हणाले, "मंग हेच पक्कं करा, पाहायला तरी काही आहे." लक्ष्मी रस्त्याच्या गल्लीत हयात गेलेल्या मला तिथल्या बँडची काय भीती? पण आमचं दोघांचं मत हे त्या घरात मताइतकंच राहतं. जानेवारी ठरला.

जावयानं एक्सेल उघडलं. शीटला नाव दिलं 'आराम'. पहिल्या दिवशी त्यात सहा माणसांची नावं आणि पुढं मोकळे रकाने होते. दिसायला फार सुरेख दिसत होतं. पण मोकळा रकाना मराठी डोळ्यांना बघवत नाही. सगळ्यात आधी विहीणबाईंनी व्हेल मासे घातले. डिसेंबर ते मार्च या काळात कुबड असलेले मोठे व्हेल उत्तरेकडच्या थंड समुद्रातून या बांदेरास उपसागरात येतात; माद्या इथल्या कोमट पाण्यात पिल्लांना जन्म देतात. त्यांना बघायला होड्या जातात. "म्हणजे बाळंतपणाला येतात बिचाऱ्या," विहीणबाई म्हणाल्या, "मग बघायला जायलाच हवं." मंगळवारची सकाळ गेली.

बुधवार गेला येलापाला. उपसागराच्या दक्षिण बाजूचं हे गाव. तिथं मंडळी पाण्यावरच्या टॅक्सीनं, म्हणजे लहान उघड्या होडीनं जातात. किनाऱ्यावर बायका डोक्यावर पाट्या घेऊन पाय विकतात. हातापायातले पाय नव्हेत. लिंबाचे, नारळाचे गोड पाय. होडीतून उतरताना गुडघाभर पाण्यात उडी मारावी लागू शकते असं लेकीनं वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या गुडघ्यांनी फेरविचार केला. गुरुवारच्या संध्याकाळी मालेकोन, म्हणजे समुद्राकाठचा लांबलचक फिरायचा रस्ता. तिथं उंच खांबावर पाच माणसं चढतात. एक वर बसून बासरी आणि ढोलकं वाजवतो, उरलेले चौघं कमरेला दोर बांधून उलटे लटकत गरगर फिरत खाली येतात. पावसासाठीचा फार जुना विधी आहे तो. "आपण आडवं पडायचं आणि त्या बिचाऱ्यांनी उलटं लटकायचं," सौ. हळहळली. शुक्रवारी बाजार. शनिवारी कपडे धुणं. आता शीटमध्ये "सकाळी १० ते ११:३० आराम" असं लिहायची वेळ आली होती आणि त्याच्यासमोर 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात माझं नाव होतं.

नानांनी इतके दिवस काही मागितलं नव्हतं. ते कसली तरी जुळवाजुळव करत होते हे त्यांच्या चष्म्यावरून कळत होतं. एका रविवारी नाश्त्याला त्यांनी विषय काढला.

"खानखोज्यांचं काय?"

गदर पक्षाचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे मूळचे वर्ध्याचे. इंग्रजांपासून लांब राहायचं म्हणून देशोदेशी फिरत १९२०च्या दशकात मेक्सिकोला पोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले आणि मक्याच्या जातींवर त्यांनी मोठं काम केलं. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकारानं तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवून ठेवलंय. हे सगळं नानांना तोंडपाठ. वर्ध्याचा, त्यातून कृषी खात्यातला, त्यातून निवृत्त: या तीन गोष्टी एकत्र आल्यावर माणसाला थांबवणं अवघड असतं.

"नाना, ते मेक्सिको सिटीत आहे. आपण जातोय तिथून रस्त्यानं आठशे किलोमीटरच्या वर," लेक म्हणाली.

"विमान असंल ना?"

"आपण आरामाला चाललोय."

"वर्ध्याचा माणूस त्यांच्या सरकारी भिंतीवर आहे, अन् आपण तिथं जाऊन रेतीत लोळायचं? खानखोजे नुसते लोळून राहिले असते, तर रिव्हेरानं काढलं असतं त्याईचं चित्र?"

याला उत्तर नव्हतं. त्या भिंतीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. शीटमध्ये रविवारच्या रकान्यात जावयानं 'बघू' असं लिहून ठेवलंय, आणि नानांनी त्याच्यापुढं कंसात 'नक्की'.

राहायच्या जागेवरून तर दोन रात्री गेल्या. उपसागराच्या वरच्या बाजूला मोठमोठी ऑल-इन्क्लुझिव्ह हॉटेलं आहेत. आत शिरताना मनगटाला प्लास्टिकचा पट्टा बांधतात. तो असेपर्यंत नाश्ता, जेवण, आइस्क्रीम, दारू सगळं आधी भरलेल्या पैशात. तरुणांना वाटतं, म्हणजे डोक्याला ताप नाही. खरं तर पैसे आधी भरलेले असले की मराठी माणसाची झोप उडते. सातला नाश्ता सुरू होतो आणि अकराला संपतो, हे एकदा कळल्यावर नऊपर्यंत अंथरुणात राहणारा मराठी माणूस मला दाखवा. पपई खाल्ली म्हणून ऑम्लेट राहिलं, ऑम्लेट खाल्लं म्हणून पॅनकेक राहिले, आणि समोरच्या टेबलावरचा तो माणूस काहीतरी हिरवं खातोय ते कुठं ठेवलंय? दुपारी पित्ताची गोळी. ती मात्र पट्ट्यात येत नाही. सौ.नं हिशोब मांडला, की आम्ही चौघं म्हातारे मिळून दोन माणसांचं जेवतो. नानांनी विचारलं, "आपण दारू पीत नाही, तर तेवढी रक्कम वजा करतात काय?" जावयानं हॉटेलला खरंच मेल पाठवला. वजा करत नाहीत.

त्यामुळे जुन्या गावात, चढावर, घर भाड्यानं घेतलं. शेगडी आहे, फ्रिज आहे, प्यायच्या पाण्याचा वीस लिटरचा जार आहे, गच्चीत झोपाळ्यासारखी विणलेली झोळी टांगलेली आहे. आधी राहून गेलेल्यांचे अभिप्राय लेकीनं मोठ्यानं वाचून दाखवले. एकाचं म्हणणं, शेजारचा कोंबडा पहाटे चारला आरवायला लागतो. दुसऱ्याचं म्हणणं, गॅस सिलिंडरवाल्याची गाडी गाणं वाजवत फिरते. तिसऱ्याला गल्लीतल्या कुत्र्यांनी रात्रभर झोपू दिलं नव्हतं, आणि चौथ्याच्या मुक्कामात खालच्या घरी लग्न होतं, पहाटेपर्यंत बँड चालू होता. लेकीचा चेहरा उतरत चालला आणि आम्हा चौघांचे उजळत चालले. ह्यूस्टनच्या त्या सोसायटीत इतकी शांतता आहे, की शेजारी जिवंत आहेत का याची मला रोज काळजी वाटते. चारी अभिप्राय एकमतानं घराच्या बाजूचे धरण्यात आले.

मग आला उपवास. त्या आठवड्यात संकष्टी आहे, आणि संकष्टी म्हटलं की चंद्रोदय. कालनिर्णयातला चंद्रोदय आपल्याकडचा. पुएर्तो वायार्ताचा कुठून आणायचा? इथं मला वाचनात आलेली एक गोष्ट सांगावी लागली. २०१० सालापर्यंत त्या एकाच उपसागराला दोन घड्याळं होती. गावाच्या उत्तरेला आमेका नदी, नदीपलीकडे नायारित राज्य, आणि तिथं घड्याळ तासभर मागं. पलीकडच्या हॉटेलांतले पाहुणे आपल्या घड्याळाप्रमाणं वेळेवर निघायचे आणि अलीकडच्या विमानतळावर पोचेपर्यंत विमान उडालेलं असायचं. शेवटी पलीकडच्या तालुक्यानं स्वतःचं घड्याळ पुढं करून घेतलं.

"बरं झालं बाई," विहीणबाई म्हणाल्या. "नाहीतर अलीकडच्यांनी मोदक खायचे आणि पलीकडच्यांनी तासभर नुसतं बघत बसायचं."

"चंद्र घड्याळ पाहून उगवत नाही," नाना म्हणाले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

उपवासाचं सामान न्यायचं की नाही यावर मी जरा अभ्यास केला आणि मला धक्काच बसला. आपलं उपवासाचं ताट जवळजवळ सगळं अमेरिका खंडांतून आलेलं आहे. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचा, रताळं तिकडचं, शेंगदाणा तिकडचा. मिरची तर थेट मेक्सिकोची. वर फळं म्हणून पपई, पेरू, चिकू खाल, तर तीही तिकडचीच. पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजं यायच्या आधी आपल्याकडे उपवासाला माणसं खात काय होती? वरी आणि शिंगाडे. म्हणजे तो बहुधा खरोखरचा उपवास असणार. आणि राजगिरा! मेक्सिकोत जुन्या काळी अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात गोड कालवून देवांच्या मूर्ती करत आणि नंतर प्रसाद म्हणून खात. स्पॅनिश पाद्र्यांना ते अजिबात रुचलं नाही. तरी राजगिरा टिकला. आजही मेक्सिकोत रस्त्यावर फुललेल्या राजगिऱ्याच्या वड्या मिळतात, मधातल्या नाहीतर गुळातल्या, वर शेंगदाणे लावलेल्या. फोटो पाहून सौ.नं विचारलं, "ही आपली चिक्की तिकडं कशी गेली?" ती इकडं आली, हे तिला पटवायला मला अर्धा तास लागला आणि अजून पूर्ण पटलेलं नाही.

आपल्याकडूनही तिकडं गेलंय बरंच. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला ते अकापुल्को अशी स्पॅनिश गलबतं चालत, त्यांच्या वाटेनं आशियातलं काय काय तिकडं उतरलं. आंबा गेला. पॅसिफिक किनाऱ्यावरचा नारळही असाच आशियातून गेलेला. त्याच्याबरोबर फिलिपिनी खलाशांनी माडाचा रस काढायची विद्या नेली, आणि आज वायार्ताच्या मालेकोनवर फेरीवाले तुबा नावानं तो रस विकतात. वरून सफरचंदाचे तुकडे आणि सुकामेवा घालून. माडीत सफरचंद! कोकणात असं कुणी केलं असतं तर भावकीनं बोलणं टाकलं असतं. शिवाय किनाऱ्यावर भाजलेलं नाहीतर उकडलेलं कणीस मिळतं, लिंबू आणि तिखट लावून. काकडी आणि कलिंगडाच्या फोडीही तिखटमीठ भुरभुरवून. म्हणजे जग पालथं घालून शेवटी आपण चौपाटीवरच उभे राहणार.

खरी पंचाईत विहीणबाईंची, त्या शुद्ध शाकाहारी. मेक्सिकोत नुसत्या उसळीसारख्या दिसणाऱ्या घेवड्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते आणि साध्या भातात कोंबडीचं पाणी. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, कारण चरबी म्हणजे काही मांस नव्हे असं वाढणाऱ्याचं प्रामाणिक मत असतं. म्हणून लेकीनं स्पॅनिशमध्ये कार्ड छापून घेतलंय: मांस, मासे, कोंबडी, चरबी, रस्सा, काहीच नको. नानांचं तसं नाही, ते सगळं खातात. पण मक्याच्या कणसावर काळी बुरशी येते ती मेक्सिकोत भाजी करून आवडीनं खातात, हे वाचून तेही गप्प झाले. आयुष्यभर त्यांनी शेतकऱ्यांना सांगितलं, काणी पडलेलं कणीस दिसलं की उपटा आणि जाळा. "अन् ते लोक त्याचे वरून पैसे घेतात?" बराच वेळ त्यांनी भिंतीकडे पाहिलं. खानखोज्यांचं याबाबत काय मत होतं ते आता त्यांना शोधायचंय.

पैशाचं एक सांगून ठेवतो. मेक्सिकोत पेसोच्या आकड्यापुढंही डॉलरचंच चिन्ह लावतात. एका हॉटेलच्या मेन्यूत नाश्ता १८० पाहून सौ.नं परस्पर सहल रद्द केली होती. डॉलरला साधारण सतरा-अठरा पेसो आणि पेसोला पाचएक रुपये, हे गणित तिला समजावल्यावर तिनं दहा डॉलरही जास्तच आहेत असं म्हणून सहल पुन्हा चालू केली. किनारे तिथं कायद्यानं सगळ्यांसाठी खुले आहेत. खुर्ची आणि छत्री मात्र फुकट नाही, तिथं बसायचं तर अमुक रकमेचं खाल्लंच पाहिजे अशी अट असते. बॅगेत दोन सतरंज्या पडल्या आहेत.

आता राहिला विमानतळ. जावयानं हे प्रकरण लाल रंगात टाकलंय. कस्टममधून बाहेर पडलं की बाहेरच्या दाराआधी एक दालन लागतं. तिथं गळ्यात ओळखपत्र घातलेली, नीटनेटक्या कपड्यांतली माणसं उभी असतात. ती टॅक्सीवाल्यांसारखी दिसतात, चौकशी खिडकीवाल्यांसारखी बोलतात आणि असतात टाइमशेअर विकणारी. कुठं उतरणार, किती दिवस, अशी आपुलकीनं विचारपूस करतात, गाडी फुकट देतात, व्हेलची सफर अर्ध्या किमतीत देतात. बदल्यात फक्त एका सकाळी नाश्त्याला येऊन त्यांचं दीड तासाचं बोलणं ऐकायचं. तिकडं जाणारे अनुभवी लोक त्या दालनाला शार्कचं टाकं म्हणतात आणि सांगतात, नजर खाली ठेवा, कुणाशी बोलू नका, सरळ चालत बाहेर पडा. लेकीनं आमच्याकडून तालीम करून घेतली. आम्ही चौघांनी बॅगा ओढत दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत जायचं आणि जावयानं वाटेत उभं राहून "वेलकम, अंकल" म्हणायचं. नाना पहिल्याच फेरीत थांबले आणि त्याला वर्ध्याचा पत्ता देऊन बसले.

पण मला काळजी वाटते ती शार्कची. "अभिनंदन, तुमचा नंबर लागलाय, पती-पत्नी दोघांनी यायचं आणि पॅनकार्ड आणायचं" असे फोन घेऊन मॉलमधल्या थंडगार खोलीत बसलेली आमची पिढी आहे. सौ.नं अशा एका बैठकीत दरवर्षीचा देखभाल खर्च किती, तो कोण वाढवणार, आणि आम्ही गेल्यावर हे लेकीच्या नावावर करायला किती लागतील, असं विचारत विचारत समोरच्या पोराला रडकुंडीला आणलं होतं. शेवटी तिनं त्याची जात, पगार आणि पत्रिका विचारली. त्यानं कबूल केलेला डिनर सेट आमच्याकडे अजून आहे, एक वाटी तेवढी फुटली.

"व्हेल खरंच अर्ध्या पैशात मिळते?" तालीम संपल्यावर तिनं जावयाला विचारलं.

"हो, पण दीड तास जातो, आई."

"मग जाऊ दे की. नाहीतरी आपल्याला तिथं काही करायचं नाहीच ना?"

त्यानं लॅपटॉप मिटला. थोड्या वेळानं पुन्हा उघडला आणि सोमवारच्या 'आराम'वर रेघ मारली.

शार्कच्या टाक्यातून सुटलो की बाहेर हमरस्त्यावर एक पादचारी पूल आहे. तो ओलांडून पलीकडे गेलं की तीच टॅक्सी स्वस्तात मिळते. पुणे स्टेशनातून बॅगा ओढत बाहेरच्या रस्त्यावर येऊन रिक्षा करणाऱ्या माणसाला ही माहिती मिळायची खोटी. सहा माणसं, आठ बॅगा, दोन सतरंज्या आणि साबुदाण्याचा डबा घेऊन आम्ही तो पूल चढणार आहोत, हे घरात एकमतानं ठरलेलं एकमेव कलम आहे.

तर वाचकांपैकी कुणी पुएर्तो वायार्ताला जाऊन आलं असेल, तर कृपा करून एवढंच कळवा: त्या पुलाला पायऱ्या किती, आणि शेंगदाण्याचं कूट तिथं तयार मिळतं की मिक्सर न्यावा? काय काय बघण्यासारखं आहे ते मात्र अजिबात कळवू नका. एक्सेलचा पासवर्ड आता नानांकडे आहे.